केबलवाल्यांचे निवेदन मी लिहिले, आपले राहून गेले

१४ एप्रिल २०२३ ची रात्र. आमच्या तालुक्याच्या गावात जयंतीची मिरवणूक मुख्य चौकात पोहोचली होती आणि माझी आई घरी टीव्हीसमोर बसून होती. तिचे गुडघे गेले आहेत, त्यामुळे आता तिला मिरवणुकीला येता येत नाही. गावातल्या लोकल केबल चॅनलवर गणपती विसर्जन लाइव्ह असते, शिवजयंती लाइव्ह असते, उरूससुद्धा असतो. म्हणून तिला वाटले, आपली जयंतीही दिसेल. अकरा वाजेपर्यंत ती बसली. पडद्यावर एकच पाटी होती : 'तांत्रिक अडचणीमुळे थेट प्रक्षेपण होऊ शकत नाही, क्षमस्व.' आणि त्या पाटीखाली, जराही न अडखळता, एका लोकप्रतिनिधीला वाढदिवसाच्या शुभेच्छा देणारी पट्टी सरकत होती.

दुसऱ्या दिवशी बातम्यांत जयंती आली. वाहतूक कोंडी, डीजेचा आवाज, 'नागरिक त्रस्त'. आमच्या अभ्यासिकेतल्या पोरापोरींनी सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम केला होता, त्याचा एक शब्द नाही.

मी चॅनलच्या ऑफिसात गेले. तिथला माणूस ओळखीचा, बोलायला गोड. म्हणाला, "ताई, बसस्टँडपाशी वायर तुटली होती हो."

"मग खालची पट्टी कोणत्या वायरीवरून चालली होती?"

तो हसला. चहा मागवला. तो चहा मी प्यायले, हेही सांगून टाकते, कारण पुढचे सगळे त्या चहासारखेच आहे. आपल्याकडे ही माणसे शत्रूसारखी वागत नाहीत. ती फक्त आपल्याला मोजत नाहीत.

मग मी जिल्हाधिकारी कार्यालयात तक्रार दिली. समाजशास्त्रात एम. ए. करूनही हा कायदा मी तोवर वाचलेला नव्हता. केबल टेलिव्हिजन नेटवर्क (नियमन) कायदा, १९९५. तो वाचल्यावर कळले की जिल्हाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी आणि पोलीस आयुक्त हे या कायद्याखालचे 'प्राधिकृत अधिकारी' आहेत. कलम ११ खाली ते केबलवाल्याचे साहित्य जप्त करू शकतात, कलम १९ खाली एखादा कार्यक्रम किंवा वाहिनी बंद करण्याचा आदेश देऊ शकतात. शिवाय केंद्राच्या २००५ सालच्या आदेशानुसार प्रत्येक जिल्ह्यात देखरेख समिती असायला हवी. जिल्हाधिकारी अध्यक्ष. पोलीस अधीक्षक, माहिती खात्याचा अधिकारी, एका महिला महाविद्यालयाच्या प्राचार्य, महिला आणि बालकांसाठी काम करणाऱ्या संस्थांचे प्रतिनिधी, शिवाय शिक्षणतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समाजशास्त्रज्ञ. समाजशास्त्रज्ञ हा शब्द वाचून मला उगाचच बरे वाटले. अनुसूचित जाती-जमातींचा प्रतिनिधी मात्र या यादीत नाही.

माहिती अधिकारात विचारले : समितीच्या बैठका कधी झाल्या, इतिवृत्त द्या. पहिल्या अर्जाला उत्तर नाही. अपिलानंतर आलेल्या उत्तराचा अर्थ एवढाच की समिती गठित आहे, बैठकीची नोंद आढळून येत नाही. माझ्या तक्रारीची पोच माझ्याकडे आहे. तक्रार कुठे आहे ते विचारू नका.

एम. ए. ला माध्यमांच्या पेपरात एक गोष्ट वाचली होती, ती या काळात सारखी आठवत राहिली. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात जॅक्सन नावाचे शहर आहे. तिथे डब्ल्यूएलबीटी नावाचे टीव्ही स्टेशन होते. १९५५ मध्ये काळ्यांचे वकील थर्गूड मार्शल राष्ट्रीय वाहिनीवर बोलायला आले, तेव्हा या स्थानिक स्टेशनने पाटी लावली : क्षमस्व, केबलमध्ये बिघाड. स्टेशनच्या मॅनेजरने नंतर ते अभिमानाने मिरवले. त्या स्टेशनच्या पट्ट्यात जवळजवळ निम्मी वस्ती काळ्यांची होती. १९६४ मध्ये परवान्याचे नूतनीकरण आले, तेव्हा तिथल्या काळ्या कार्यकर्त्यांनी आणि युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्टच्या लोकांनी एक साधे काम केले. एक आठवडाभर स्वयंसेवक टीव्हीसमोर बसले आणि काय दाखवले, कोण दिसले, काळ्या माणसाला काय म्हणून संबोधले, ते टिपून ठेवले. त्या नोंदी घेऊन ते आयोगापुढे गेले. आयोग म्हणाला, प्रेक्षकाला परवान्याला आव्हान देण्याचा अधिकारच नाही, तो फक्त ज्याचे आर्थिक नुकसान होते किंवा ज्याच्या लहरींत व्यत्यय येतो त्याला आहे. १९६६ मध्ये न्यायालयाने हे खोडून काढले आणि १९६९ मध्ये स्टेशनचा परवानाच रद्द ठरवला.

माझ्या आईच्या टीव्हीवरची पाटी आणि ही पाटी यांत अडुसष्ट वर्षांचे आणि दोन महासागरांचे अंतर आहे. शब्द मात्र तेच.

आता आपल्या कायद्याकडे या. केबल नियम १९९४ मधला नियम ६ म्हणजे कार्यक्रम संहिता. काय दाखवू नये याची ही यादी. मित्रराष्ट्रांवर टीका नको. धर्मांवर, समुदायांवर हल्ला नको. राष्ट्रपती आणि न्यायव्यवस्था यांच्या सचोटीवर शिंतोडे नकोत. अंधश्रद्धेला उत्तेजन नको (रात्री अकरानंतर कोणतेही लोकल चॅनल लावा आणि वशीकरणवाल्या बाबांच्या जाहिराती मोजा). स्त्रियांची अप्रतिष्ठा नको. विशिष्ट वांशिक, भाषिक आणि प्रादेशिक गटांचे कुत्सित चित्रण नको. ही यादी मी तीनदा वाचली. 'जात' हा शब्द तिच्यात नाही. आणि लगेच पुढचा नियम ७, जाहिरात संहिता, त्यात आहे! वंश, जात, रंग, पंथ, राष्ट्रीयत्व यांची टिंगल करणारी जाहिरात चालणार नाही. म्हणजे साबणाच्या जाहिरातीत जातीची टिंगल करता येत नाही, पण बातम्यांच्या नियमात जातीला नावाने जागा नाही. कायद्याच्या कलम १९ मध्ये 'जात' येते, पण कशी? जातीच्या कारणावरून वैमनस्य वाढेल असा कार्यक्रम बंद करता येतो. म्हणजे जात तिथे दंगलीची शक्यता म्हणून येते, रोजचा अपमान म्हणून येत नाही. कोणी म्हणेल, 'समुदाय' या शब्दात आपण आलोच की. आलो असू. पण बाबासाहेबांनी संविधानाच्या अनुच्छेद १५ मध्ये 'जात' हा शब्द स्पष्ट का ठेवला असेल, 'वगैरे'वर का भागवले नाही, याचा विचार करा.

हे कोणी बदलायचे? आमदाराने नाही. सातव्या अनुसूचीतल्या केंद्र सूचीची नोंद ३१ पाहा : टपाल, तार, दूरध्वनी, बिनतारी संदेश, प्रसारण. हा विषय संसदेचा. आमदाराकडे निवेदन देऊन फोटो काढता येतो, कायदा बदलत नाही. शिवाय नियम बदलायला विधेयकही लागत नाही. मंत्रालय अधिसूचना काढते आणि ते नियम संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवावे लागतात. तिथे खासदार त्यात फेरबदल सुचवू शकतो. एवढी सोय आहे, आणि ती आपण किती वेळा वापरली?

केबलवाले वापरतात. हे मी डोळ्यांनी पाहिले, त्याचीच ही हकिकत.

१० नोव्हेंबर २०२३ ला माहिती व प्रसारण मंत्रालयाने प्रसारण सेवा (नियमन) विधेयकाचा मसुदा जाहीर केला. १९९५ चा केबल कायदा जाऊन त्याच्या जागी हा येणार होता. केबल, डीटीएच, रेडिओ, ओटीटी आणि इंटरनेटवर धंदा म्हणून बातम्या देणारे, सगळे त्याच्या कक्षेत. हरकती पाठवायची मुदत ९ डिसेंबर. तारीख बघा. ६ डिसेंबरला आपण सगळे चैत्यभूमीवर. नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा आमच्या मंडळाचा गाड्या, जेवणाचे डबे आणि पुस्तकांचा स्टॉल यांत गेला. मसुदा आला हे मला आमच्या चळवळीतल्या कोणी सांगितले नाही. ते सांगितले आमच्याच वस्तीतल्या एका भावाने. तो लोकल केबल ऑपरेटर आहे. वस्ती आणि आजूबाजूची चार आळी मिळून त्याची लाइन. मोठ्या एमएसओकडून सिग्नल घेतो, महिन्याला घरोघरी फिरून पैसे गोळा करतो, पावसात खांबावर चढतो. जिल्ह्याच्या ऑपरेटर संघटनेत तो एकटाच बौद्ध.

तो मसुद्याची झेरॉक्स घेऊन आला. "ताई, इंग्रजी आहे. वाचून सांगता का? आपल्याला खासदारसाहेबांना भेटायचंय."

मी वाचले. दोन रात्री लागल्या. त्याच्या संघटनेच्या लोकांना घेऊन बसले आणि एकेक कलम मराठीत सांगितले. त्यांचे प्रश्न अगदी नेमके होते. दंड किती? लहान ऑपरेटरला वेगळा स्लॅब आहे का? नोंदणी कोणाकडे? ३० नोव्हेंबर २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत केबलवरून स्थानिक बातम्या दाखवायच्या तर कंपनी म्हणून नोंदणी हवी असे आले होते, ते कायम राहणार का? कोणीही 'हे सरकार असंच आहे' असे भाषण केले नाही. शेवटी त्यांनी मला निवेदन लिहायला सांगितले, आणि मी लिहिले. दोन पाने. प्रत्येक मुद्द्याला कलम क्रमांक, सध्याचा मजकूर आणि त्याऐवजी हवा असलेला मजकूर.

भेट शासकीय विश्रामगृहात झाली. मीही गेले होते, मागच्या खुर्चीत. खासदारांच्या पीएने आधी विचारले, "जिल्ह्यात एकूण किती कनेक्शन?" संघटनेच्या अध्यक्षांनी तालुकावार आकडे काढून दिले. मग तो म्हणाला, "कलम सांगा." कलम सांगितले. खासदार आले, दहा-बारा मिनिटे बसले. तीन मुद्दे ऐकले, दोनवर खूण केली आणि म्हणाले, मंत्र्यांना पत्र देतो, जमले तर प्रश्न टाकतो. निघताना अध्यक्ष सहज म्हणाले, "साहेब, रविवारचं उद्घाटन आपल्या चॅनलवर लाइव्ह घेतोय." साहेबांनीही सहजच मान हलवली.

या शेवटच्या वाक्यात सगळे आले. स्थानिक प्रक्षेपक आणि कायदे करणारे यांच्यातले नाते निवेदनाने सुरू होत नाही. ते कॅमेऱ्याने सुरू होते. खासदाराला मतदारसंघातल्या घरात दिसायचे असते, केबलवाल्याला नगरपालिकेच्या खांबावरून वायर न्यायची असते, आणि दोघांना एकमेकांचा फोन नंबर पाठ असतो. वाढदिवसाची पट्टी ही त्या नात्याची मासिक वर्गणी. त्यामुळे निवेदन पोहोचते तेव्हा दार आधीच उघडे असते. आपल्याकडे असा कॅमेरा नाही म्हणून आपले दार बंद, एवढे म्हणून मोकळे होता येईल. पण त्या दिवशी कॅमेऱ्याइतकीच उपयोगी पडली ती ती दोन पाने. आणि ती दोन पाने आपल्या पोरीने लिहिली होती.

त्या मसुद्यात आपल्यासाठी काय होते ते सांगते. प्रत्येक प्रक्षेपकाने 'आशय मूल्यमापन समिती' नेमायची, आणि तिने प्रमाणित केलेलाच कार्यक्रम दाखवायचा. त्या समितीत वेगवेगळ्या समाजगटांचे जाणकार असावेत, महिला, बालकल्याण, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, अल्पसंख्य. छान वाटते ना? पण वाक्याची क्रिया बघा. प्रक्षेपक अशा लोकांना घेण्याचा 'प्रयत्न करील'. घेईल असे नाही. ज्या देशात २०१९ मध्ये ऑक्सफॅम आणि न्यूजलाँड्रीच्या पाहणीला १२१ वरिष्ठ संपादकीय जागांपैकी १०६ वर सवर्ण आढळले आणि अनुसूचित जाती-जमातींचा एकही नाही, त्या देशात 'प्रयत्न करील' याचा अर्थ आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

हे कलम मी त्याच दोन रात्रींत वाचले होते. पेन्सिलने खूण केली होती. आणि केबलवाल्यांच्या निवेदनात मी त्याबद्दल एक ओळ घातली नाही. का? मला वाटले, हे त्यांचे निवेदन आहे, आपला मुद्दा घुसवणे बरे दिसणार नाही. आपले निवेदन आपण वेगळे देऊ. पुढे मुदत जानेवारी २०२४ पर्यंत वाढली. आम्ही एक बैठक घेतली. पंधरा जण आले. अर्धा वेळ माध्यमे मनुवादी आहेत यावर भाषणे झाली. ती खरीच आहेत, पण त्या रात्री कोणाला पटवायची गरज नव्हती. एका ज्येष्ठांनी ठराव मांडला की विधेयकाचा निषेध करावा आणि तहसीलदारांना निवेदन द्यावे. दिले. चौदा मागण्या होत्या, त्यांत शिष्यवृत्ती होती, स्मशानभूमीची जागा होती, ईव्हीएम होते. प्रसारणाची मागणी अकरावी. कलम क्रमांक नव्हता.

बैठकीत एका तरुण साथीने विचारलेला प्रश्न टाळण्यासारखा नाही. तो म्हणाला, ज्या सरकारवर आपला विश्वास नाही त्याच्या मसुद्यात दुरुस्त्या सुचवणे म्हणजे त्याला मान्यता देणे नाही का? माझे उत्तर तेव्हा नीट आले नाही, आता देते. १९१९ मध्ये साऊथबरो समितीपुढे बाबासाहेबांनी मताधिकारावर साक्ष दिली, तेव्हा 'मूकनायक' निघायला एक वर्ष होते. म्हणजे वर्तमानपत्राच्या आधी कायदा करणाऱ्यांपुढची साक्ष आहे. १९२८ मध्ये सायमन आयोगावर काँग्रेसचा बहिष्कार होता, काळे झेंडे होते. बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने लेखी निवेदन दिले आणि पुण्यात साक्षही दिली. त्यासाठी त्यांनी शिव्या खाल्ल्या. इंग्रज सरकारवर त्यांचा विश्वास होता म्हणून ते गेले नव्हते. मसुदा कोणाच्या तरी शब्दांनी भरणारच आहे, हे त्यांना माहीत होते.

पुढे काय झाले ते तुम्हाला ठाऊक असेल. २०२४ च्या उन्हाळ्यात निवडणूक झाली. नंतर मसुद्याची सुधारलेली प्रत मंत्रालयाने निवडक लोकांनाच दिली, तीही प्रत्येक प्रतीवर ओळखखूण टाकून, म्हणजे कोणाकडून फुटली ते कळावे. त्या निवडक लोकांत आपण नव्हतो हे सांगायला नको. यूट्यूबवाल्यांपासून पत्रकार संघटनांपर्यंत ओरड झाली आणि ऑगस्टमध्ये प्रती परत मागवण्यात आल्या. मंत्रालयाने सांगितले की व्यापक चर्चेनंतर नवा मसुदा येईल.

आपल्या लोकांना याचा आनंद झाला, आणि मलाही झाला. नागपूरच्या आवाज इंडिया आणि लॉर्ड बुद्धा या वाहिन्या सोडल्या तर आपली बरीचशी पत्रकारिता आज मोबाइलवर आहे. आमच्या गावातच दोन पोरे यूट्यूब चॅनल चालवतात. त्या चौकातली जयंती त्यांनीच लाइव्ह केली होती, पण आईकडे साधा फोन. या पोरांना प्रत्येक व्हिडिओ समितीकडून प्रमाणित करून घ्यावा लागला असता, तर ती समिती त्यांनी कुठून आणली असती?

आणि इथे मला माझ्याच तक्रारीकडे परत यावे लागते. जिल्हाधिकाऱ्यांना दिलेल्या अर्जात मी शेवटी काय मागितले होते? 'सदर वाहिनीवर बंदीची कारवाई करावी.' रागात लिहिले होते. उद्या गावात एखाद्या अत्याचाराची बातमी आमच्या या दोन पोरांनी दाखवली आणि कोणी अर्ज दिला की यामुळे दोन समाजांत वैमनस्य वाढते, तर अधिकारी कलम १९ च्या जोडीचे कलम शोधणारच. बंदीची तलवार जिल्हाधिकाऱ्याच्या हातात धारदार करून द्यायची आणि ती फक्त शेजारच्या गल्लीत चालेल अशी आशा करायची, हे समाजशास्त्र शिकलेल्या बाईला शोभत नाही. आता मी ती मागणी करणार नाही. मला बंदी नको, हिशेब हवा. किती वेळ कोणाला दाखवले याची नोंद, तक्रारीला लेखी उत्तर, आणि समितीत बसायला खुर्ची.

हा हिशेब मागण्याचा अधिकार आपला आहे, तो कोणी दान दिलेला नाही. ९ फेब्रुवारी १९९५ ला सर्वोच्च न्यायालयाने बंगाल क्रिकेट संघटनेच्या खटल्यात सांगितले की प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. त्या सरकारच्या नाहीत आणि कंपनीच्याही नाहीत. ते निकालपत्र लिहिणाऱ्यांत न्या. पी. बी. सावंत होते. तेच सावंत साहेब, ज्यांचे नाव आपण एल्गार परिषदेच्या निमंत्रकांत वाचले. आपण त्यांना शनिवारवाड्यावरून ओळखतो, या निकालावरून ओळखत नाही.

या निकालानंतर ज्यांनी नेट लावला त्यांची एक गोष्ट सांगते. तेलंगणात झहीराबादजवळ डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या संघमांतल्या बायका, बहुसंख्य दलित, अल्पभूधारक. त्यांनी नव्वदच्या दशकाच्या शेवटी रेडिओ स्टेशन उभे केले, पण परवाना नव्हता. कायद्यात गावाला रेडिओ चालवण्याची सोयच नव्हती. २००२ मध्ये धोरण आले, ते फक्त शिक्षणसंस्थांसाठी. या बायका कॅसेटवर कार्यक्रम भरत राहिल्या, संघमांत ऐकवत राहिल्या, आणि मागणी सोडली नाही. २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांना परवानगी मिळाली, २००८ मध्ये संघम रेडिओ हवेत गेला. जवळजवळ दहा वर्षे. पुढे २०१२ मध्ये सरकारने सामुदायिक रेडिओचे लहरींचे वार्षिक शुल्क १९,७०० वरून ९१,००० रुपयांवर नेले, तेव्हा देशभरातल्या लहान केंद्रांनी निषेध म्हणून एक दिवस मौन पाळले, दिल्लीत पाठपुरावा केला, आणि वाढ मागे घ्यायला लावली. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांना जाहिरातीसाठी तासाला ७ ऐवजी १२ मिनिटे मिळाली आणि १० सेकंदांचा दर ५२ वरून ७४ रुपये झाला. लहान आकडे आहेत, पण कोणीतरी चिकाटीने मागितलेले. बातम्या मात्र अजून त्यांना स्वतःच्या देता येत नाहीत, खासगी एफएमलाही नाही. एफएमवाल्या कंपन्यांची संघटना त्यासाठी झगडते आहे आणि सप्टेंबर २०२३ मध्ये ट्रायने त्यांना तासाला दहा मिनिटे बातम्या देऊ द्याव्यात अशी शिफारसही केली. गावच्या रेडिओसाठी ही मागणी कोण लावून धरणार?

या वर्षी आम्ही जॅक्सनवाल्यांचेच काम केले. अभ्यासिकेतल्या सहा मुली, सात दिवस, संध्याकाळी सात ते दहा, लोकल चॅनल आणि एक दोनशे पानी वही. वेळ, बातमी, कोण बोलले, किती वेळ. माझी आई आठवी, तिने दुपारची पाळी स्वतःहून घेतली. सात दिवसांत आमच्या वस्तीचे नाव एकदा आले, पाणीपट्टीच्या थकबाकीच्या बातमीत. वहीचा सारांश दोन पानांत काढला आहे आणि त्याला तीन मागण्या जोडल्या आहेत. नियम ६ मध्ये 'वांशिक, भाषिक आणि प्रादेशिक' याच्या आधी 'जातीय' हा शब्द. नव्या मसुद्यात 'प्रयत्न करील' याऐवजी 'समाविष्ट करील'. जिल्हा देखरेख समितीत अनुसूचित जाती-जमातींचा प्रतिनिधी आणि बैठकीचे इतिवृत्त संकेतस्थळावर. एक प्रत आमच्या खासदारांना, एक मंत्रालयाला, एक माहिती तंत्रज्ञान व दळणवळणाच्या संसदीय स्थायी समितीला. त्या समितीत लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० खासदार असतात. त्यांत महाराष्ट्रातले कोण आहेत ते संसदेच्या संकेतस्थळावर मिळते. तुमच्या जिल्ह्यातला असेल तर ही दोन पाने मागवून घ्या, फक्त वही तुमची भरा.

परवा केबलवाला भाऊ आला होता. पाने वाचली, मान हलवली आणि जरा संकोचाने म्हणाला, "ताई, ह्याच्यात आमचं ते कंपनीचं कलम पण टाकता का? लहान ऑपरेटर मरतोय त्याच्यात."

तिसरे पान जोडले. त्याने त्याच्या संघटनेच्या लेटरहेडवर पहिल्या दोन पानांना पाठिंब्याचे पत्र आणायचे कबूल केले आहे. अध्यक्ष सही करतील का, हे सोमवारी कळेल.